वर चढणारी टेकडी

"टेकडी वर चढतेय," इंजिनिअरबाई जेवता जेवता म्हणाल्या, आणि समोर बसलेल्या त्यांच्या वडिलांना जोराचा ठसका लागला.

आईने पाण्याचा पेला पुढे केला. पाठीत दोन थापाही मारल्या, त्यातली दुसरी गरजेपेक्षा जरा जोरातच. "सावकाश जेवा," ती म्हणाली. "टेकडी काही तुमच्या ताटातलं उचलायला येत नाहीये." मग लेकीकडे वळून तिने विचारलं, "कुठे चढतेय म्हणालीस?"

"वर. अगं, उतार सरकला तर खाली सरकतो. माती खालीच येणार, तिला दुसरं काय येतं? पण ही वर निघालीय. गेल्या सोमवारी बोटभर वर होती, आज दोन बोटं. मी पुन्हा पुन्हा मोजलं."

वडिलांनी पाणी संपवलं, पेला ताटाच्या बरोबर उजव्या कडेला आणून ठेवला आणि खालच्या मानेने विचारलं, "म्हणजे ते चांगलं की वाईट?"

"बाबा, ते चांगलं-वाईट काही नाही. अद्भुत आहे ते." इंजिनिअरबाईंचा घास हातातच राहिला होता. "आपण म्हणतो टेकडी बसलीय. ती कधीच बसलेली नसते. ती चालतच असते, फक्त इतकी हळू, की आपल्याला वाटतं आपणच काय ते चालतोय. आणि आज मी तिला चालताना पकडलं."

लेकीच्या चेहऱ्यावर असा उजेड वडिलांनी ती शाळेत पहिली आली तेव्हाही पाहिला नव्हता. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी पुढच्या घासाबरोबर गिळून टाकलं.

घरासमोरून टेकडीला वळसा घालून वरच्या वस्तीकडे एक रस्ता जात असे. त्याला रस्ता म्हणणं म्हणजे चाळणीला ताट म्हणण्यासारखं होतं. शाळेची बस त्या वळणावर आली की आतल्या पोरांची डोकी एकाच वेळी वर-खाली होताना दिसायची. अखेर एकदाचं नवं डांबर मंजूर झालं. पण अशा उतारावर जड रोलर घालायचा तर आधी माती कसली आहे, पोटात पाणी किती मुरलंय, उतार जागचा हलतो की नाही, हे सगळं तपासून घ्यावं लागतं. हे काम इंजिनिअरबाईंकडे आलं. त्यांचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. तोवर त्या दुसऱ्यांच्या मोजणीच्या दुर्बिणीचे स्टँड उचलत होत्या. त्यांच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "ह्याच्यावर तुमची एकटीची सही जाणार, मॅडम. नीट गेली तर तुम्ही नोकरीत कायम. नाही तर स्टँड आहेतच."

इंजिनिअरबाईंनी उताराच्या दोन्ही टोकांना जो पक्का खडक होता, त्यात एकेक लोखंडी खिळा ठोकला. दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणली आणि दोरीच्या बरोबर खाली मातीत लाल डोक्याच्या लाकडी खुंट्या ओळीने मारल्या. मग दोरी सोडून ठेवली. दर सोमवारी दोरी पुन्हा ताणायची आणि खुंट्या तिच्याखालीच आहेत का ते बघायचं. खुंट्या दोरीच्या खालच्या अंगाला गेल्या तर टेकडी सरकतेय, नाही गेल्या तर नाही. कुणालाही कळेल इतकं सोपं काम. त्या खुंट्या दोरीच्या वरच्या अंगाला जातील, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पुस्तकात वडीलही नव्हते.

वडिलांना सगळे मास्तर म्हणत. हयातभर त्यांनी कपडे शिवले. दुकान बंद केलं, मशीन कोपऱ्यात गेलं, पण डोळा निवृत्त झाला नाही. वाकडं काही दिसलं की मास्तरांचा हात आपोआप पुढे जायचा. दुसऱ्याच्या घरी गेले तर आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करायचे, मग "कसे आहात" म्हणून विचारायचे. एकदा रस्त्यात एका अनोळखी माणसाची कॉलर त्यांनी नीट केली होती, आणि त्या माणसानेही बिचाऱ्याने, काय करणार, आभार मानले होते.

मास्तर रोज सकाळी टेकडीच्या बाजूने फिरायला जात. खुंट्या ठोकल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ते तिथे थांबले, एक डोळा मिटला आणि ओळीवरून नजर टाकली. ओळ अशी सरळ, की जणू कडक इस्त्रीची घडी. आपल्या पोरीने मातीत मारलेली रेघ बघत मास्तर कितीतरी वेळ उभे होते. घरी येऊन बायकोला म्हणाले, "हात माझ्यावर गेलाय तिचा."

आणि मग काही दिवसांनी त्यांना दिसलं, की खुंट्या ओळीच्या खाली आल्यात. जास्त नाही, दोनच सूत. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना कळलंही नसतं. मास्तरांच्या डोळ्यांना ते कुसळासारखं टोचलं. गुरं असतील, कुत्री असतील, धक्का दिला असेल कुणीतरी. पण बोल कुणाला लागणार? मास्तरांच्या मुलीला सरळ रेघ मारता येत नाही, असंच म्हणणार लोक. तिच्या नोकरीचा प्रश्न. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली बसले, एकेक खुंटी उपटली आणि ओळीत आणून बसवली. जुनी भोकं मातीने भरली, वर गवताचा गड्डा दाबून बसवला. लोकांच्या कोटांना त्यांनी जन्मभर असं रफू केलं होतं, की खुद्द कोटवाल्यालाही भोक सापडत नसे. टेकडीला काय सापडणार.

दुसऱ्या दिवशी खुंट्या पुन्हा खाली आलेल्या. मास्तरांनी पुन्हा बसवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा मास्तरांच्या हाताने आपली जुनी सवय काढली. नवं कापड धुतलं की आटतं, माणूस लग्नानंतर सुटतो, म्हणून शिंपी शिवणीत थोडं जास्तीचं कापड आत ठेवून देतो. त्याला माया म्हणतात. मास्तरांनी हिशोब केला, की कुत्री रोज दोन सूत खाली ढकलतात ना, मग आपण खुंट्या थोड्या वरच मारू. धक्का बसला की येतील आपोआप ओळीत. आणि माया ठेवायची तर हात आखडून कशाला ठेवायची, ह्या विचाराने ती दिवसेंदिवस वाढत गेली. बोटभर झाली, दोन बोटं झाली.

ह्यातलं अवाक्षरही त्यांनी घरात काढलं नव्हतं. लेकीची चूक झाकायची तर लेकीला सांगून कशी झाकणार?

साहेबांचा आधी विश्वास बसला नाही. "मॅडम, तुम्ही दोरी उलटी बांधली असेल," ते म्हणाले. दोरी उलटी कशी बांधतात हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग ते स्वतः आले, स्वतः दोरी ताणली, स्वतः मोजलं आणि तिथेच एका दगडावर बसून राहिले.

"मी इतके रस्ते केले," ते म्हणाले, "पूल केले. किती टेकड्या फोडल्या असतील. पण एकीनेही कधी असं काही केलं नाही माझ्यासमोर." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. ऑफिसात त्यांचा आवाज असा कुणीच ऐकला नव्हता. टेकडीला त्यांनी जाता जाता हात लावून पाहिला, म्हाताऱ्या माणसाच्या खांद्याला लावावा तसा.

बातमी झाली. संध्याकाळी लोक पोराबाळांना घेऊन येऊ लागले. गंमत म्हणजे तिथे आल्यावर कुणी मोठ्याने बोलत नसे. लहान मुलंसुद्धा टेकडीला कान लावून ऐकत. वरच्या वस्तीतल्या एका काकूंना आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी अर्धी दिसणारी पाण्याची टाकी आता पूर्ण दिसू लागली. तिथल्याच एका आजोबांना घरी चढून जाताना जास्त दम लागू लागला, आणि त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, कारण दोष छातीचा नव्हताच, टेकडीचा होता. फक्त रस्त्याचा ठेकेदार तेवढा भारावला नाही. "वर जावो नाही तर खाली," तो म्हणे, "माझं डांबर तापून बसलंय." त्याचा रोलर टेकडीच्या पायथ्याशी उभा होता आणि पोरं त्याच्यावर चढून टेकडीकडे बघत होती.

मास्तरांची झोप उडाली. त्यांनी ठरवलं, की हे प्रकरण आपणच हळूच मिटवायचं. रोज थोडी थोडी खुंटी उतरवत न्यायची, म्हणजे टेकडी जशी चढली तशी गुपचूप उतरेल. लोक चार दिवस हळहळतील आणि विसरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले आणि बघतात तो काय, खुंट्या आधीच थोड्या उतरलेल्या. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी उतरलेल्या. मास्तरांनी हात जोडले. कुत्र्यांनासुद्धा कणव आली म्हणायची.

एवढ्यात एका संध्याकाळी इंजिनिअरबाई घरी आल्या त्या पायातली चप्पलही न काढता. "उद्या प्रोफेसर येतायत. मातीतले सगळ्यात मोठे. निवृत्त झालेत, कुणाकडे जात नाहीत, पण ह्यासाठी येतायत. साहेब म्हणाले, त्यांच्यासमोर मोजायचं आणि तिथेच सही करायची." मग एकदम खुर्चीत बसल्या. "बाबा, मला भीती वाटतेय. उद्या खुंट्या वर नसल्या तर? सगळे म्हणतील पोरीने बनाव केला."

मास्तर म्हणाले, "असतील गं वर. कुठे जातायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरून आले तेव्हा आईने दार उघडलं आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"गुडघ्यांना माती कसली?"

"पडलो."

"दोन्ही गुडघ्यांवर एकदम?"

"हो."

"सरळ रेघेतच पडलात म्हणायचे," आई म्हणाली आणि त्यांनी पँट बदलल्यावर ती धुवायला घेऊन आत गेली. तिला बरंच काही कळलं असावं. पण नवऱ्याला खोटं बोलताना त्रास होत असला तर मध्ये पडायचं नाही, हा तिचा नियम होता. तो त्रास त्याला पुरतो, असं तिचं मत होतं.

प्रोफेसर आले. काटकुळा माणूस, पण उतारावर असा चढला की साहेब मागे धापा टाकत राहिले. त्यांनी मूठभर माती उचलली, चोळली, हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकली. मग इंजिनिअरबाईंनी दोरी ताणली. खुंट्या दोरीच्या वर होत्या. चांगल्या तीन बोटं वर. त्या दिवशी मास्तरांनी माया अगदी सढळ हाताने ठेवली होती.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खाली रस्त्यावर माणसं जमली होती. गर्दीच्या कडेला मास्तर आणि आई उभे होते. बस वाट मोकळी होण्याची वाट बघत वळणावर थांबली होती, आणि तिच्या खिडक्यांतून पोरांची डोकी बाहेर आली होती.

"मी निवृत्त व्हायला नको होतं," प्रोफेसर म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे, टेकडीलाच. "खालून काहीतरी हिला उचलतंय. केवढं असेल ते. मला इथे वर्षभर बसावं लागेल."

"बसा की, खुर्ची देतो," साहेब म्हणाले. "पण सर, मला एकच सांगा. खाली तर येत नाहीये ना?"

"खाली? ही मोजमापं खरी असतील तर खाली येण्याचं काही चिन्ह नाही."

"मग झालं," साहेबांनी कागद पुढे केला. "मॅडम, उतार स्थिर आहे, कामाला हरकत नाही. इथे सही." आणि त्यांनी खाली ठेकेदाराला हात केला. ठेकेदार ह्याच क्षणाची वाट बघत होता. रोलर सुरू झाला. त्याचा आवाज पायांतून पोटात चढू लागला, आणि उतारावरच्या गवताची पाती थरथरली.

इंजिनिअरबाईंनी पेनचं टोपण काढलं.

मास्तरांनी रोलरकडे पाहिलं. बसकडे पाहिलं. मग लेकीच्या हातातल्या पेनकडे पाहिलं, आणि त्यांचे पाय आपोआप उतार चढू लागले.

"सही करू नकोस, बाळ."

सगळे वळून बघू लागले. "बाबा, तुम्ही इथे कशाला?" इंजिनिअरबाई हळूच म्हणाल्या. "नंतर बोलू."

"नंतर नाही. टेकडी चढली नाही गं. मी चढवली."

"काय चढवली?"

"टेकडी. म्हणजे खुंट्या. रोज सकाळी येऊन." मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. "वाकड्या दिसल्या, तुला नावं ठेवतील म्हणून सरळ करायला गेलो. मग जरा माया ठेवली. मग ती जरा जास्तच झाली."

खाली गर्दीत ज्या काकूंना पाण्याची टाकी पूर्ण दिसत होती त्यांनी पदराआड तोंड लपवलं. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. प्रोफेसर खाली वाकून खुंटीकडे बघू लागले. इंजिनिअरबाईंनी पेनला टोपण लावलं. त्यांचा चेहरा मास्तरांनी पाहिला आणि त्यांना वाटलं, की धरणीने पोटात घ्यावं. धरणी तशी घ्यायच्या तयारीत होतीच, पण ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

"मॅडम," साहेब दातओठ खात म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे? अख्ख्या ऑफिसाला..."

"एक मिनिट, साहेब." इंजिनिअरबाई साहेबांकडे बघत नव्हत्या. "बाबा, रोज म्हणालात ना?"

"रोज."

"एकदा सरळ केल्यावर रोज कशाला यायचं?"

"अगं, रोज वाकड्या व्हायच्या ना. कुत्री ढकलायची."

"कुठल्या बाजूला ढकलायची?"

"खाली," मास्तर म्हणाले. "कायम खालीच."

रोलरचा आवाज तेवढा येत होता.

"सगळ्या खुंट्या?" इंजिनिअरबाईंनी विचारलं. "रोज? तेवढ्याच? बाबा, अशी कुठली कुत्री असतात?" आणि त्या एकदम गुडघ्यांवर बसल्या. "जुनी भोकं कुठायत?"

"बुजवली. रफू केलंय."

"सापडतील?"

"माझंच रफू मला नाही सापडणार?" मास्तर दुखावलेल्या स्वरात म्हणाले. ते वाकले, बोटांनी गवत चाचपत खाली खाली गेले आणि एके ठिकाणी गवताचा गड्डा अलगद उचलला. खाली खुंटीच्या आकाराचं, सैल मातीने भरलेलं भोक होतं. "हे पहिलं. तुझ्या हातचं. तू इथे मारली होतीस."

पहिल्या दिवशी ते भोक दोरीच्या बरोबर खाली होतं. दोरी आजही त्याच दोन खिळ्यांना, त्याच खडकाला बांधलेली होती. आणि भोक दोरीपासून चांगलं वीतभर खाली होतं. भोक बुजवता येतं, पण ते कुणाला उपटून दुसरीकडे बसवता येत नाही. ते ज्या मातीत असतं तिच्याबरोबरच जातं.

इंजिनिअरबाईंनी दोरीपासून भोकापर्यंत आपला पंजा पसरला आणि तसाच ठेवला. प्रोफेसर त्यांच्या शेजारी येऊन गुडघे टेकून बसले. दोघंही त्या वीतभर अंतराकडे बघत राहिले.

"अख्खी," प्रोफेसर पुटपुटले. "अख्खी निघालीय ही. गवत, झाडं, दगड, सगळं घेऊन. आणि एक तडा नाही."

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "सर, आत्ता आपण कशावर उभे आहोत?"

"तिच्यावर," प्रोफेसर म्हणाले.

कुणी पळालं नाही. बाळ झोपलेल्या खोलीतून बाहेर पडतात तशी ती माणसं चवड्यांवर, श्वास धरून, उतारावरून बाजूच्या खडकाकडे गेली. साहेबांनी तर बूट काढून हातात घेतले. मास्तरांचं कोपर इंजिनिअरबाईंनी घट्ट धरलं होतं, रागाने की काळजीने ते त्यांचं त्यांनाही कळलं नसतं. प्रोफेसर सगळ्यांत शेवटी निघाले, तेही मागे बघत बघत. खाली रोलरच्या ड्रायव्हरला हातवारे करून सांगितलं तेव्हा त्याने इंजिन बंद केलं, उडी टाकली आणि धूम ठोकली. थोड्या वेळाने ब्रेक लावायला परत आला. बस मागच्या मागे वळवून लांबच्या रस्त्याने गेली.

इंजिनिअरबाईंनी सही केली, पण दुसऱ्या कागदावर. उतार अस्थिर आहे, रस्ता ताबडतोब बंद करावा. साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरला. "मॅडम, मी रस्ता बंद करतो. पण शिंप्याने बुजवलेल्या भोकावरून रस्ता बंद केला हे मी वर कसं सांगू? टेकडी पडली तर ठीक. नाही पडली तर तुम्ही आणि तुमचे स्टँड."

मग वाट बघणं सुरू झालं. रोलर हलवला, दोन्ही टोकांना दगड लावून रस्ता बंद केला. वरच्या वस्तीला लांबचा वळसा पडू लागला आणि लोक मास्तरांच्या घराकडे बघून नाक मुरडू लागले. "वर जात होती तेव्हा काय वाईट होती?" आजोबा म्हणाले आणि त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. घरात रोज सकाळी उठल्यावर तिघंही आधी गॅलरीत जाऊन टेकडी बघत. टेकडी जागच्या जागी, हिरवीगार, निष्पाप. आई म्हणायची, "पडू दे असंही म्हणवत नाही, पडू नको असंही म्हणवत नाही. काय मागायचं तरी काय?"

इंजिनिअरबाई वडिलांशी बोलत नव्हत्या. मास्तर दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसत, हात मांडीखाली दाबून. भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं होतं, तेही त्यांनी तसंच राहू दिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंजिनिअरबाईंना ते घड्याळ दिसलं. त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

"मला एकदा विचारायचं होतंत, बाबा."

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, हात लावू नका."

"हो."

"म्हणून तर नाही विचारलं."

इंजिनिअरबाईंना हसू आवरलं नाही. मग रडूही आलं. मास्तरांनी मांडीखालचा एक हात काढला, लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि पुन्हा मांडीखाली नेऊन ठेवला.

एका भर दुपारी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "अहो," ती म्हणाली, "ती झाडं बघा."

तिचा स्वर असा होता, की दोघंही धावत आली. उतारावरची झाडं चालत होती. पडत नव्हती, वाकत नव्हती, उभीच्या उभी, सावल्यांसकट खाली येत होती, एखादी मिरवणूक यावी तशी संथ. आवाज नव्हता. पाखरं आधीच उडून गेली होती. मग खोल कुठूनतरी घरघर आली, गॅलरीचा कठडा हातात थरथरला, आणि अख्खा उतार एकसंध उचलून ठेवल्यासारखा खाली रस्त्यावर येऊन टेकला. रस्ता नव्हता आता. वळण नव्हतं. जिथे बस थांबली होती तिथे गवत होतं आणि गवतावर एक झाड उभं होतं. वर टेकडीच्या अंगावर ओली, लाल, कधी ऊन न पाहिलेली माती उघडी पडली होती.

खाली धूळ उठली होती. आईच्या हातात चिमटा तसाच होता. इंजिनिअरबाईंनी वडिलांचा दंड धरला होता. एवढं मोठं काही आपल्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्याखाली एकही माणूस नव्हता, हे मनात मावत नव्हतं. आत फोन वाजू लागला, साहेबांचा असणार. वाजू दिला.

मग धूळ निवळली आणि खाली, रस्त्यावर आलेल्या त्या मातीवर लाल ठिपके दिसले. खुंट्या. मातीत रोवलेल्या, ताठ, टेकडीबरोबर जशाच्या तशा खाली आलेल्या. मास्तरांनी एक डोळा मिटला. शेजारी इंजिनिअरबाईंनीही एक डोळा मिटला.

"सरळ आहे," मास्तर अगदी हळू म्हणाले.

"मधली एक बघा, बाबा. दोन सूत वाकडी आहे."

मास्तरांनी पाहिली. त्यांची बोटं कठड्यावर जराशी हलली. मग त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"राहू दे," ते म्हणाले. "तिची ती झालीय ना, मग बरोबरच असेल."